लेखाची मूळ प्रत घरी असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी भाषा गौरव दिनाच्या आपल्या पुरवणीत मराठी ब्लॉग ओस का पडले, यावर लेख होता. वाचक फेसबुक-व्हॉट्सॲपकडे गेला आणि त्याच्या मागोमाग लिहिणारेही गेले, असं त्यात म्हटलं आहे. ते खरं आहे. पण मी २००८ सालापासून संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात बसून ब्लॉग लिहिते आहे. माझ्या ओळखीतले जे ब्लॉग बंद पडले, ते सगळेच काही वाचक नाहीत म्हणून पडले नाहीत. काहींचे लिहिणारे थकले, काहींचं लिहिलेलंच गेलं. आपण लिहितो कुठे आणि ठेवतो कुठे, हा प्रश्न त्या लेखात आला नाही, म्हणून हे पत्र.

प्राथमिक शाळेत मी ३४ वर्षं शिकवलं. नोकरीची शेवटची वर्षं होती. चौथीच्या वर्गात एकदा ‘तरवा’ (लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं) हा शब्द आला आणि भातशेती करणाऱ्यांचीच मुलं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. त्या आठवड्यात ब्लॉग सुरू केला. दाढ भाजणं, कवळ तोडणं, लावणी, बेणणी, उडवी, कणगी, इरलं, असा एकेका शब्दावर एक लेख. शब्दाचा अर्थ एका ओळीत संपतो. पण ती वस्तू करतात कशी, वापरतात केव्हा, तिच्यावरून घरात काय बोललं जातं, हे सांगायला दोन पानं लागतात. ती दोन पानं लिहायची मला हौस होती आणि अजून आहे.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच करत असे. नेट लावायचं, ब्लॉगच्या पानावर जायचं आणि तिथल्या चौकटीत थेट लिहायचं. रोमन अक्षरांतून मराठी करून देणारी सोयही जालावरचीच होती, म्हणजे नेट गेलं की अक्षर उमटणंही थांबलं. २००९च्या जुलैमधली एक रात्र मी विसरणार नाही. वाडीतल्या एक आजी त्या दुपारी माझ्याकडे येऊन बसल्या होत्या. हळवं, निमगरवं आणि गरवं, म्हणजे लवकर, मध्यम आणि उशिरा पिकणारं भात कुठल्या मळ्यात का पेरायचं आणि पटणी जातीचा भात कसा लागतो, हे त्या दोन तास सांगत होत्या. रात्री जेवणं उरकून मी ते लिहायला घेतलं, ते साडेबारापर्यंत. ‘प्रकाशित करा’ दाबलं तर समोर पुन्हा नाव आणि पासवर्ड विचारणारं पान आलं. मधे केव्हातरी फोनची लाइन तुटली होती. मागे गेले तर चौकट रिकामी. दुसऱ्या दिवशी आठवेल तसं पुन्हा लिहिलं, पण आजींची वाक्यं त्यांच्या शब्दांत राहिली नाहीत, माझ्या शब्दांत उतरली. पुढच्या शिमग्याआधी आजी गेल्या. त्यांना पुन्हा विचारायचं राहून गेलं.

त्या गणपतीला मुंबईहून आलेल्या भाच्याने माझ्या संगणकावर ‘विंडोज लाइव्ह रायटर’ हे ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. मायक्रोसॉफ्टने ते २००७मध्ये फुकट दिलं होतं, मला कळलं दोन वर्षांनी. आपल्या ब्लॉगचा पत्ता आणि पासवर्ड त्याला एकदाच सांगायचा. ते आपल्या ब्लॉगची रचना उतरवून घेतं, मग नेट नसलं तरी लिहिताना पान तसंच दिसतं जसं वाचकाला दिसणार आहे. तोच रंग, तेवढीच रुंदी. फोटो घातला की आकाराने लहान करूनच पाठवतं. अर्धवट लेख आपल्याच संगणकावर एका फोल्डरमध्ये राहतात. एकावेळी पाच-सहा लेख अर्धे असले तरी चालतं, जसा वेळ मिळेल तसा एकेक पुढे न्यायचा. छापून गेलेला जुना लेख परत उतरवून, चूक सुधारून पुन्हा पाठवता येतो. मॅकवाल्यांसाठी ‘मार्सएडिट’ नावाचं याच जातीचं सॉफ्टवेअर आहे, ते विकत मिळतं. ब्लॉगची सेवा आणि ही सॉफ्टवेअर एकमेकांशी एका ठरलेल्या पद्धतीने बोलतात, म्हणून एकाच खिडकीतून दोन वेगळ्या ठिकाणचे ब्लॉगही सांभाळता येतात. काही ठिकाणी सुरक्षेसाठी ही वाट बंद ठेवलेली असते, ते आधी पाहून घ्यावं.

हे सगळं शहरातल्या वाचकाला किरकोळ वाटेल. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने लाइट आणि रेंज यांचा भरवसा धरता येत नाही. टॉवरची बॅटरी उतरली की फोनही मुका. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आमच्या वाडीत आठ दिवस अंधार होता. त्या आठ दिवसांत मी दिवसा वहीत लिहिलं आणि शेजारच्या जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करून मिळेल तेवढा वेळ टाइप केलं. रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चढावं लागतं. लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी दप्तरात घालून मी सकाळी सातला सड्यावर जाते, फोनचं नेट लॅपटॉपला जोडते, लेख पाठवते आणि उतरते. वर पाच मिनिटंही लागत नाहीत, कारण लिहिणं, वाचणं, सुधारणं, फोटो लावणं हे सगळं घरी झालेलं असतं. चौकटीत थेट लिहायचं असतं, तर कातळावर छत्री धरून दोन तास कोण बसलं असतं?

आणि एक फरक मला शिक्षिका म्हणून महत्त्वाचा वाटतो. नेट सुरू असताना लिहिणाऱ्याचं मन ‘पाठवा’च्या बटणावर असतं. घरात, नेट बंद ठेवून लिहिलेला लेख मी चार दिवस तसाच ठेवते. चौथ्या दिवशी वाचला की कुठे घाई झाली, कुठला शब्द माझा आणि कुठला सांगणाऱ्याचा, हे दिसतं. ‘उडवी’वरचा, म्हणजे रचलेल्या भाताच्या ढिगावरचा, लेख मी सहा वेळा बदलला. त्यात पहिल्या खेपेला पेंढा कसा रचतात तेच उलटं लिहिलं गेलं होतं. शेजारच्या एका काकांनी तो अंगणात बसून वाचला आणि दुरुस्त करून दिला. तेव्हा तो जगात कुणीही पाहिलेला नव्हता.

आता चुकीच्या बाजूबद्दलही सांगते, कारण कुणी आज हे करायला घेतलं तर तेच खड्डे लागतील. लाइव्ह रायटर नंतर बंद झालं. २०१५च्या डिसेंबरमध्ये त्याची संहिता (सोर्स कोड) सर्वांसाठी खुली केली गेली आणि ‘ओपन लाइव्ह रायटर’ या नावाने ते पुन्हा मिळू लागलं. पण त्यातही आता नवी भर फारशी पडत नाही. २०१९मध्ये माझ्या ब्लॉगवर फोटो चढवायची जुनी वाट बंद झाली, लेख जायचा आणि फोटो अडायचे. तेव्हा लक्षात आलं की माझे अर्धवट लेख ज्या फाइलींत होते, त्या दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडत नव्हत्या. घरात होते, तरी कुलपात होते. २३ लेख मी एकेक करून उघडले आणि साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवले. त्याला पूर्ण मे महिना गेला.

तेव्हापासून माझी मूळ प्रत साध्या मजकुरात असते, नोटपॅडमध्ये. दिसायला ते अगदीच साधं. पण त्या फाइली कुठल्याही संगणकावर उघडतील, आज, आणि माझ्यामागेही. फक्त साठवताना ‘यूटीएफ-८’ (मराठी अक्षरं नीट जपणारा साठवणीचा प्रकार) निवडलं आहे ना, ते पाहायचं. जुन्या नोटपॅडमध्ये ते आपोआप होत नसे आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरत असे. माझ्या एका सहकाऱ्याच्या संस्थेच्या वर्धापनदिनाचं भाषण असंच गेलं. शिवाजी किंवा श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं असेल, तर तेही आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्यावं. नाहीतर फॉन्ट नसलेल्या संगणकावर कोकणी भात नुसता खडे होऊन बसतो. मोठा लेख असला तर मी लिब्रे ऑफिस वापरते, त्याला मराठी शुद्धलेखन तपासणीची जोड फुकट मिळते. मग तिथून ब्लॉगवर चिकटवताना ‘फक्त मजकूर’ म्हणूनच चिकटवायचं. नाहीतर आतली लपलेली सजावट सोबत येते आणि एक परिच्छेद मोठा, एक लहान दिसतो.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक शिकले, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. तीन आठवडे बोटं दुखली, मग बसली. विंडोजमध्ये हा कळफलक आधीपासून असतो, त्याला नेट लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, म्हणजे ज्याला बाराखडी येते त्याला त्याची रचना पटते. आणि मराठीची एक खास गरज त्यात नीट भागते. ‘दर्या’ वेगळा आणि ‘दऱ्या’ वेगळ्या. तो अर्धचंद्राकृती र जालावरच्या सोयीत मला कधी धड मिळाला नाही. इनस्क्रिप्टमध्ये त्याचं अक्षर शिफ्ट धरून ‘जे’च्या कळीवर आहे. ज्या भाषेत सुऱ्या, वाऱ्या, पऱ्हाटी हे शब्द आहेत, तिच्या लेखकाला ते लिहिता यायला हवेत.

माझ्या ४१२ लेखांची आज तीन ठिकाणी प्रत आहे. एक या लॅपटॉपमध्ये, एक पेनड्राइव्हमध्ये घराच्या कपाटात आणि एक पेनड्राइव्ह पुण्यात मुलीकडे. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे त्या आपोआप ओळीत लागतात. दिवाळीला मुलगी आली की तिचा पेनड्राइव्ह नवा करून देते. शिवाय ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्ही ठिकाणी आपला संपूर्ण ब्लॉग एका फाइलीत उतरवून घ्यायची सोय आहे, ती मी वर्षातून दोनदा वापरते, पाडव्याला आणि दसऱ्याला. कुणी विचारेल, इतकं कशाला? चिपळूणचं १८६४ साली स्थापन झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत पाण्याखाली गेलं. जे एकाच जागी असतं, त्याचं काय होतं ते आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. जालावरची जागाही एकच जागा. फुकट संकेतस्थळं देणारं जिओसिटीज २००९मध्ये बंद झालं, फेसबुकसारखं ऑर्कुट २०१४मध्ये. तिथे लिहिलेलं ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं, त्यांचं राहिलं.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे. पुरवणीत दर रविवारी पाव पान या कामासाठी द्या. इनस्क्रिप्ट कसा सुरू करायचा, फाइल कशी साठवायची, ब्लॉग कसा उतरवायचा, एकेका आठवड्याला एक गोष्ट, चित्रासह. आठवी-नववीच्या संगणकाच्या तासाला शिक्षकांना ते पान वर्गात लावता येईल. आमच्या भागातल्या शाळांत संगणक आहेत, नेट असतंच असं नाही, आणि नेट नाही म्हणून तो तास रिकामा जातो. मराठीत लिहायला आणि लिहिलेलं जपायला नेट लागत नाही, एवढं जरी त्या मुलांना कळलं तरी तो तास भरेल. साहित्य घेऊन मी स्वतः तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत यायला तयार आहे, एसटीच्या भाड्याशिवाय काही नको.

शेवटची गोष्ट वैयक्तिक आहे, पण तिच्यासाठीच मी हे पत्र तातडीने लिहिलं. वर्धा जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक वऱ्हाडी शेतीच्या शब्दांवर ब्लॉग लिहीत. पऱ्हाटी, सरकी, तिफण, सरतं, डवरणी, वखर. आम्ही कधी भेटलो नाही. मी भाताचं लिहावं, त्यांनी कापसाचं, आणि दोघांनी एकमेकांचं वाचावं, असं सात वर्षं चाललं. २०१६मध्ये ते वारले. त्यांनी ब्लॉगसाठी स्वतःचा जालावरचा पत्ता (डोमेन) ठरावीक मुदतीसाठी विकत घेतला होता. त्याची मुदत संपली, घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि ते पान नाहीसं झालं. ते थेट चौकटीत लिहीत, त्यामुळे त्यांच्या संगणकावर एकही लेख निघाला नाही. त्यांच्या मुलीने मला विचारलं तेव्हा माझ्याकडे दोनच लेख सापडले, तिफण आणि डवरणी यांवरचे, तेही मी आमच्या नांगराशी ताडून पाहायला उतरवून ठेवले म्हणून. ते तिला पाठवले.

आपल्या वाचकांपैकी कुणी २००९ ते २०१६ या काळात वऱ्हाडी शेतीच्या शब्दांवरचे असे लेख वाचले असतील, छापून घेतले असतील, मैत्रिणीला मेल केले असतील किंवा एखाद्या जुन्या संगणकात साठवले असतील, तर कृपया आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावेत. प्रत्येक लेखाच्या शेवटी ते एक वऱ्हाडी म्हण देत, त्यावरून ओळखू येतील. त्यांची मुलगी अजून शोधते आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी