न उघडलेलं पाकीट

अमळनेर

चि. निखिलेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, शेअर लाँग टर्म ठेवणं वगैरे सगळा नशिबाचा खेळ आहे. आपल्या गावातल्या लोकांना लॉटरी लागली, एवढंच." तेवढ्यात दारात कुणी आलं आणि बोलणं अर्धवट राहिलं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घोळतंय, म्हणून आज सवडीने लिहायला बसले.

आधी तुझं जे खरं आहे ते मान्य करते. डिसेंबर १९४५ मध्ये आपल्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण हा तिचा धंदा. गावातल्या, आसपासच्या लोकांनी शेअर घेतले. १९६६ साली मालक वारले आणि त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आला, तेव्हा हीच कंपनी पुढे विप्रो होऊन कॉम्प्युटरच्या धंद्यात जाईल असं इथल्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. काहींनी विश्वासाने शेअर ठेवले, काहींनी विकायचे कसे हे ठाऊक नव्हतं म्हणून ठेवले. नशीब त्यात होतंच.

पण माझ्या ग्रंथालयातल्या वह्यांचा कागद यायचा बल्लारपूरचा. १९८६ मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराची चढउतार मोजणारा आकडा, सुरू झाला तेव्हा त्यासाठी निवडलेल्या तीस कंपन्यांत बल्लारपूर इंडस्ट्रीज होती, काळी-पिवळी पद्मिनी बनवणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स होती, अ‍ॅम्बॅसिडरवाली हिंदुस्थान मोटर्स होती. देशातल्या निवडक तीस! त्यांचेही शेअर कुणीतरी ट्रंकेत जपून ठेवलेच असतील. पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, बल्लारपूरची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. धीर त्या लोकांनीही धरला होता. म्हणजे नुसतं धरून ठेवणं हा गुण नव्हे. धीर आणि हट्ट बाहेरून अगदी सारखे दिसतात रे.

हे मला कसं कळलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. १९९५ च्या सुमारास पब्लिक इश्यूंचा, म्हणजे कंपन्यांनी सामान्य लोकांना नवे शेअर विकायला काढण्याचा, नुसता पूर आला होता. मी एका फायनान्स कंपनीचे दोनशे शेअर घेतले, पगारातून साठवलेल्या पैशांचे. दरवर्षी कंपनीचं खाकी पाकीट यायचं. मी ते न उघडता कपाटात ठेवायची आणि मनाशी म्हणायची, आपण लांबचा विचार करणारी माणसं. दिवसभर लोकांच्या हातात पुस्तकं देणारी मी, माझ्या नावाने आलेले चार कागद वाचत नव्हते. कंपनी बुडाल्यावर एका रविवारी ती सगळी पाकिटं ओळीने फोडली. पहिल्याच अहवालात नफा दाखवलेला होता, पण त्याच पानावर येणे बाकी, म्हणजे लोकांकडून अजून यायचे पैसे, दुपटीने वाढलेली. दुसऱ्या वर्षी आणखी वाढली. तिसऱ्या वर्षी ऑडिटरने बारीक टाइपात स्पष्ट शेरा मारला होता की ही वसुली होईल याची खात्री देता येत नाही. ते वाक्य माझ्याच कपाटात पडून होतं.

त्यानंतर मी वाचायला लागले, आणि नुसती शेअरची पुस्तकं नाही. त्या पुस्तकांनी ताळेबंद शिकवला, त्याचा उपयोग आहेच. पण माणूस कसा फसतो हे मला इतिहासाने आणि शास्त्रज्ञांच्या चरित्रांनी जास्त शिकवलं. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली आणि तिकडचा कापूस बंद झाला. इंग्लंडच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसावर येऊन पडल्या. मुंबईत इतका पैसा आला की रोज नवी बँक, नवी कंपनी. बॅक बेच्या समुद्रात भराव घालून जमीन करणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. १८६५ मध्ये यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. कापसाच्या राजाची, प्रेमचंद रायचंदांची, तीच गत झाली. आपल्या आईच्या नावाने त्यांनी ज्याच्यासाठी पैसे दिले तो राजाबाई टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला, आजही उभा आहे. मला यातलं सर्वांत लागलं ते हे: लढाई कधीतरी थांबणार हे त्या शहरात प्रत्येकाला माहीत होतं. ते कुणी आपल्या हिशेबात लिहून ठेवलं नव्हतं, इतकंच.

आणि डार्विन. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती लगेच टिपून ठेवायचा, कारण अशाच गोष्टी मनातून लवकर निसटतात असा त्याचा अनुभव होता. हे वाचलं आणि मला माझी खाकी पाकिटं आठवली. तेव्हापासून माझी एक वही आहे. डाव्या पानावर हा शेअर का घेतला, उजव्या पानावर त्याच्या विरुद्ध जे जे कळेल ते, तारखेसह. उजवं पान भरत चाललं की विकायचं. भाव पडला म्हणून मात्र विकायचं नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्के पडला, तेव्हा तुझा घाबरा आवाज मला आठवतो. तू एसआयपी, ती म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक पैसे भरायची योजना, थांबवलीस. त्या रात्री मी वही काढून बसले होते. माझ्या कंपन्यांच्या उजव्या पानांवर टाळेबंदीशिवाय नवं काही नव्हतं. पुढच्या जानेवारीत सेन्सेक्स पन्नास हजारांच्या वर गेला.

आता तुझ्या ऑप्शन्सबद्दल, म्हणजे शेअरचा भाव पुढे वर जाईल की खाली यावर केलेल्या त्या सौद्यांबद्दल. दिवाळीत तू ताटावर बसलास आणि पुरणपोळी निवेपर्यंत मोबाइलमधून मान वर केली नाहीस. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे असले सौदे करणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव सामान्य लोकांचा तोटा झाला, सगळा मिळून एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर. उरलेल्या सातांत मी असेन असं प्रत्येकाला वाटतं, तुलाही वाटत असणार. ते बंद कर. हे मी सुचवत नाहीये, आई म्हणून सांगतेय.

त्याऐवजी साधा हिशेब बघ. महिना पाच हजार, वर्षाला बारा टक्के धरले (मिळतीलच असं नाही), तर दहा वर्षांनी साडेअकरा लाखांच्या आसपास होतात. वीस वर्षांनी पन्नास लाखांच्या जवळ. सगळी गंमत दुसऱ्या दहा वर्षांत आहे, आणि माणसं पहिल्या दहातच कंटाळतात.

एक राहिलं. तुझ्या आजोबांकडेही गावच्या कंपनीचे थोडे शेअर होते. आप्पांनी ते विकून मळ्यात विहीर खणली. आज किती झाले असते याचा हिशेब लोक मला ऐकवतात. त्या विहिरीवर केळी झाली आणि केळीवर माझं कॉलेज झालं, त्यामुळे मला कधी हळहळ वाटली नाही. पण घर, आजारपण, शिक्षण यांचे पैसे आधी बाजूला काढ आणि मगच शेअरकडे वळ, म्हणजे तुझ्यावर विहिरीसाठी विकायची वेळ येणार नाही.

मे महिन्यात येशील तेव्हा तुझ्याकडच्या प्रत्येक शेअरचं डावं पान लिहून आण. उजवं आपण ओट्यावर बसून भरू. ती खाकी पाकिटं मी अजून टाकलेली नाहीत, तीही काढून ठेवते.

सूनबाईंना आशीर्वाद, छकुलीला गोड पापा.

तुझी
आई