दिवा–वसईची गाडी आणि बाबांची वही

दिवा (पूर्व)
बुधवार, रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, ते मनाला लागून राहिलंय. बाबा, जन्मभर मालगाडीवर गार्ड होतात तुम्ही, "मालगाडीला कुणी वाली नाही" एवढंच म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. माझाही आवाज चढला होता. तुमच्याशी त्या आवाजात बोलायला नको होतं. फोनवर मला नीट मांडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. आई, तू हे त्यांना वाचून दाखव. चष्मा सापडत नाही म्हणून ते पत्र बाजूला ठेवतील.

विषय तोच, दिवा–वसईचा. इथे सध्या दुसरं बोलणंच नाही. आमच्या मेमूच्या, म्हणजे विजेवरच्या पॅसेंजर गाडीच्या, लेडीज डब्यात निवेदनावर सह्या चालू आहेत, की या मार्गावर लोकल सुरू करा, निदान सकाळ-संध्याकाळ गाड्या वाढवा. मी सही केली हे कळल्यावर तुम्हाला वाटलं, मुलगी मालगाड्या हटवायला निघाली. तसं नाही बाबा.

आधी माझा रोजचा रस्ता सांगते, म्हणजे मी का भांडते ते कळेल. सकाळची मेमू पकडली तर कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र आणि मग वसई रोड. मधली फक्त पाच स्टेशनं, चाळीसेक किलोमीटर. पण दिवसभरातल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. एक चुकली की पुढच्या गाडीसाठी थांबण्यात अर्थ नसतो. मग ठाण्याला जायचं आणि घोडबंदर रोडने बस धरायची. गायमुखचा घाट अडला तर कंपनीत पोचेपर्यंत अर्ध्या दिवसाचा पगार गेलेला असतो. नाहीतर दादरला जाऊन पश्चिमेची गाडी धरायची, म्हणजे नाकाला हात लावायला मानेमागून फिरवावा तसं. त्यासाठी दिव्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत शिरावं लागतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यात जीव गेले, तेव्हा तुम्ही तीनदा फोन केला होतात, "तू त्या गाडीत नाहीस ना?" मी त्या दिवशीही वसईच्या मेमूत होते बाबा. मेमू आहे म्हणून मी त्या दारात नसते.

आता गेल्या मंगळवारचं सांगते. आमची गाडी खारबावला उभी राहिली ती राहिलीच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेजारी कोळंबीची पाटी घेतलेल्या एक मावशी होत्या, त्या पाटीवरचा ओला कपडा सारखा उचलून बघत होत्या. बर्फ विरघळून पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं. माल वसईच्या बाजारात वेळेवर पोचला नाही तर निम्म्या भावात द्यावा लागतो, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यात बाजूच्या रुळावरून कंटेनरची मालगाडी आली. मी मोजायला लागले. तुम्ही कल्याणच्या क्वार्टरच्या गच्चीवर शिकवलं होतंत तसं, इंजिन सोडून पहिल्या वाघिणीपासून, म्हणजे मालाच्या डब्यापासून. पंचेचाळीस भरल्या. शेवटी ब्रेकव्हॅनच्या, गार्डच्या डब्याच्या, दारात एक पोरगा झेंडी घेऊन उभा होता. २०२२ पासून गार्डना ट्रेन मॅनेजर म्हणतात, तुम्हाला ते आवडलं नव्हतं. माझ्या तोंडून मात्र "गार्ड" असंच आलं. डब्यातल्या सगळ्या त्या गाडीला शिव्या देत होत्या आणि मला एकदम भरून आलं.

कारण मला आठवलं ते वेगळंच. तुम्ही चौदा-चौदा तासांनी घरी यायचात, आई डबा तसाच परत आलेला बघायची. "लूपमध्ये टाकलं होतं," एवढंच तुम्ही सांगायचात, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट द्यायला बाजूच्या रुळावर थांबवलं होतं. मेल गेली, एक्स्प्रेस गेली, पॅसेंजर गेली, आणि तुम्ही पावसात कुठल्याशा आडगावच्या स्टेशनाबाहेर ब्रेकव्हॅनमध्ये बसून. ना दिवा, ना पंखा. आयुष्यभर तुम्ही माणसांच्या गाड्यांना वाट दिलीत. ही एक लाईन अशी, जिथे मालाला मान मिळतो, आणि तिथेही लोक मालगाड्या काढा म्हणतात. रविवारी तुम्हाला तेच लागलं ना?

पण बाबा, वाट बघणं म्हणजे काय हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? खारबावला पाटी धरून बसलेली बाई लूपमध्येच बसलेली आहे.

या मागणीच्या सभेला मी गेले होते. एक बाजू म्हणते मालगाड्या हलवा, मग लोकल आपोआप येईल. दुसरी बाजू भिवंडीच्या गोदामवाल्यांची. ते म्हणतात, प्रवासी गाड्या वाढवल्या तर आमचा माल अडकेल. मला दोघांचंही पटलं नाही आणि मी उठून तसं बोलले. माझे हात थरथरत होते. मी म्हटलं, एका कंटेनरच्या रेकला, म्हणजे आख्ख्या मालगाडीला, पंचेचाळीस वाघिणी आणि प्रत्येकीवर वीस फुटी दोन कंटेनर. नव्वद झाले. हे रुळावरून काढले तर जाणार कुठे? आपल्याच रस्त्यावर, ट्रेलरवर. भिवंडीच्या अंजूरफाट्याला आधीच पाय ठेवायला जागा नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भिवंडी रोडवरून पार्सल गाड्या थेट गुवाहाटीजवळच्या अझाऱ्यापर्यंत जायला लागल्या, तेव्हा याच गावातल्या पोरांना हमालीचं काम मिळालं. तो माल आम्हाला नको असं मी कसं म्हणू? आम्हाला सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास हवेत. त्या वेळात प्रवासी गाडी पुढे, मालगाडी मागे. बाकीचे वीस तास मालाचे. सभेत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक आजोबा म्हणाले, "ही पोरगी रेल्वेवाल्याची दिसते."

मोठ्या योजना आहेतच. न्हावाशेवा बंदर ते दिल्लीजवळचं दादरी असा दीड हजार किलोमीटरचा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आपल्या खारबावजवळूनच जातो. त्यावर एकावर एक दोन कंटेनर रचून गाड्या धावाव्यात म्हणून वरच्या तारासुद्धा उंच घेतल्यात. तो पूर्ण ताकदीने चालू झाला की जुन्या रुळांवरचा भार हलका होईल, हे तुम्हीच मला समजावलं होतंत. पनवेल–वसई लोकलची मागणीही जुनीच. पण ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचं काय झालं बघा. मंजुरी २००८ ची आणि गाडी धावली फेब्रुवारी २०२२ मध्ये. तेवढ्या वर्षांत माझ्या डब्यातल्या दोघी रिटायर होतील. नवे रूळ येतील तेव्हा येवोत, आहेत त्याच रुळांवर चार तास मागायला काय हरकत आहे?

आई, तुझ्याही कामाची गोष्ट आहे. वांद्रे–मडगाव गाडी २०२४ पासून याच मार्गाने जाते, वसईला इंजिन फिरवून. कणकवलीला बसलीस की भिवंडी रोडला उतरता येतं, तिथे मी न्यायला येते. जूचंद्र ते नायगाव जोडमार्गिका झाली की ते इंजिन फिरवणंही वाचेल. जूचंद्रच्या रांगोळ्या तुला दाखवायच्या आहेत. दिवाळीत तिथे माणसाचा चेहरा रांगोळीत असा काढतात, की पाय मागे घ्यावासा वाटतो.

आता बाबा, तुमच्याकडे काम आहे. निवेदनाबरोबर एक टिपण जोडायचंय, पण आमच्यापैकी कुणालाच आतलं कळत नाही. भरलेला रेक थांबून पुन्हा वेग घ्यायला किती वेळ लागतो? खारबाव आणि कामणच्या लूपमध्ये आख्खा रेक मावतो का? वसई रोड पश्चिम रेल्वेकडे आणि अलीकडचं सगळं मध्य रेल्वेकडे, मग गाडी एकाकडून दुसऱ्याकडे देताना वेळ कुठे जातो? तुम्ही प्रत्येक ड्युटीची नोंद ठेवायचात, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत. ती माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे, माझ्या शाळेच्या दाखल्यांच्या खाली. त्यातल्या या सेक्शनच्या नोंदी मला हव्यात. टिपणात पहिली ओळ मी मालगाडीची लिहीन, तुमच्या शब्दांत, एकही शब्द न बदलता. तुम्हाला मान्य नसेल तर तेही लिहून कळवा, मी ते सभेत वाचून दाखवेन.

पुढची सभा महिनाअखेरीला आहे. त्याआधी आलात तर फारच बरं, गुडघ्याच्या डॉक्टरांकडेही जाऊन येऊ. वही आईच्या पिशवीत ठेवू नका. आमसुलांचा रस सुटतो आणि मागच्या वेळी आजीचा फोटो त्यातच खराब झाला. तुमच्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये ठेवा.

तुमची,
बेबी