महापुराच्या अहवालांचे काय झाले, हेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या अंकात आपत्ती व्यवस्थापनाच्या आढावा बैठकांच्या बातम्या येऊ लागतात. जिल्हाधिकारी बोटींची पाहणी करतात, पालकमंत्री ‘यंत्रणा सज्ज’ असल्याचे सांगतात आणि ते वाक्य दुसऱ्या दिवशी बहुतेक वर्तमानपत्रांत जसेच्या तसे छापून येते. सांगलीत नदीकाठी राहणारा वाचक म्हणून माझी विनंती अशी की, यंदाच्या बैठकीत आपल्या प्रतिनिधीने वेगळा प्रश्न विचारावा. 2019 च्या महापुरानंतर त्याची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या वडनेरे समितीच्या शिफारशींपैकी कोणत्या अमलात आल्या, कोणत्या राहिल्या आणि राहिलेल्या नेमक्या कोणाच्या टेबलावर अडल्या आहेत?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फूट ओलांडले आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. त्या दिवसांत मराठी पत्रकारांनी सरकारला सोडले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. घर दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात असेल तरच 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मोफत मिळतील, असा शासन निर्णय 7 ऑगस्टला निघाला. तो शोधून त्यातली अट लोकांपुढे मांडली गेली नसती, तर असा कागद निघाला होता हेही कोणाला कळले नसते. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे 8 ऑगस्टला गावकऱ्यांना घेऊन निघालेली नाव उलटून डझनाहून अधिक लोक बुडाले. ‘बचाव पथक या गावात आधी का पोहोचले नव्हते’ हा प्रश्न तेव्हा वार्ताहरांनीच लावून धरला होता. मदतीच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटवण्याचा प्रकारही असाच उजेडात आला.

मात्र त्याच आठवड्यात एका ठिकाणी पत्रकारिता थोडक्यात समाधान मानून थांबली, असे माझे मत आहे. पूरभागात बोटीतून जाताना हसत हात हलवणारे मंत्री गिरीश महाजन यांची चित्रफीत वाहिन्यांनी दिवसभर दाखवली, अग्रलेख निघाले, व्यंगचित्रे निघाली. टीका रास्तच होती. पण महाजन त्या वेळी राज्याचे जलसंपदामंत्री होते. कोयना आणि वारणा धरणांत किती साठा ठेवायचा आणि विसर्ग कधी वाढवायचा, हे ज्या खात्याच्या अखत्यारीत येते, त्या खात्याचे ते प्रमुख होते. त्यांच्या हसण्यावर जेवढी शाई खर्च झाली, त्याच्या चौथा हिस्सा जरी 1 ऑगस्टचा धरणसाठा, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे असायला हवा होता तो साठा आणि विसर्ग वाढवण्याच्या आदेशाची तारीख-वेळ या तीन गोष्टींवर खर्च झाली असती, तर आम्हा नदीकाठच्या लोकांचे काही भले झाले असते. मंत्र्याचे हसू हा दोन दिवसांचा विषय असतो. खात्याची नोंदवही मात्र वर्षानुवर्षे कपाटात राहते आणि ती उघडायला लावणे हेच खरे कठीण काम आहे.

नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल मे 2020 मध्ये सरकारला सादर केला. या पुराला कृष्णेवरचे कर्नाटकातील आलमट्टी धरण थेट कारणीभूत नाही, असा निष्कर्ष समितीने काढला आणि अतिवृष्टीबरोबरच नदीपात्रातील व पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखवले. हा निष्कर्ष आमच्याकडे कोणालाच फारसा रुचला नाही. शत्रू आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे असला की सगळ्याच पक्षांची सोय होते, हे त्यामागचे एक कारण असावे. पुढे 2025 मध्ये आलमट्टीची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरवर नेण्याच्या कर्नाटकच्या प्रयत्नांना राज्य सरकारने जाहीर विरोध केला. उंची वाढवल्याने फुगवट्याचा, म्हणजे धरणामागे पाणी तुंबण्याचा, धोका वाढेल, ही भीती स्वतंत्रपणे खरी असू शकते आणि त्यासाठी भांडायलाही हवे. परंतु सरकार आपल्याच समितीचा निष्कर्ष मानते की नाही? मानत असेल, तर अतिक्रमणांबाबत काय केले, आणि मानत नसेल, तर ते कोणत्या अभ्यासाच्या आधारे? हा सरळ प्रश्न एखाद्या पत्रकार परिषदेत विचारला गेल्याचे आणि त्याचे उत्तर छापून आल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

अतिक्रमण म्हणजे काय, हे कागदावर अगदी स्पष्ट आहे. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांमध्ये ते अटींवर करता येते. असे असताना नदीकाठच्या मळ्यांत भराव पडतो, भरावावर प्लॉट पडतात आणि त्यांवर इमारती उभ्या राहतात. भराव टाकणाऱ्या डंपरला क्रमांक असतो, प्लॉटला गट नंबर असतो, बांधकाम परवान्यावर सही असते. बातमीला लागणारा सगळा ऐवज नगररचना विभागात पडून आहे. महामार्गाच्या भरावामुळे पाणी अडते, ही शिरोली परिसरातील गावांची तक्रारही जुनीच आहे. तिच्यावर आंदोलनाच्या बातम्या येतात, पण भरावाखालून पाणी जाण्यासाठी किती मोऱ्या ठेवल्या आणि त्या कोणत्या हिशेबाने, हे विचारणारी बातमी क्वचितच येते.

हाच अनुभव मराठवाड्यातील आणि सोलापूरच्या पूरग्रस्तांना येत असणार. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले आणि हा आकडा सर्वत्र मथळ्यात झळकला. जमीन खरडून गेलेल्या शेतकऱ्याला हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि 3 लाख रुपये रोजगार हमी योजनेतून, अशी त्यातली एक तरतूद होती. यातले रोख किती आणि योजनेतून होणारे काम किती, हा भेद बऱ्याच बातम्यांत दुसऱ्या परिच्छेदानंतर हरवला. सीना नदीकाठच्या एखाद्या गावात जाऊन रोजगार हमीचे काम किती गटांवर मंजूर झाले, हजेरीपटावर किती मजूर आले आणि शेतात माती किती पडली, एवढे पाहून आले तरी त्या मोठ्या आकड्याचा खरा अर्थ वाचकाला कळेल.

‘ही वेळ राजकारणाची नाही’ असे प्रत्येक आपत्तीत सांगितले जाते. बोटी कमी पडत असताना वादावादी नको, हे ठीक. पण मग ती वेळ येते कधी? पाणी चढत असताना प्रश्न विचारला तर तो असंवेदनशील ठरतो, पाणी ओसरल्यावर पंचनाम्यांची घाई असते आणि दिवाळीनंतर विषय शिळा झालेला असतो. पंचनाम्यांबद्दलही एक सांगतो. आमच्या पेठेतल्या एका दुकानदाराकडे नुकसानीच्या पुराव्यासाठी खरेदीची बिले मागितली गेली, तेव्हा त्याची बिलबुके चिखलाने चिकटून एकेक वीट झाली होती आणि ती त्याने गच्चीवर उन्हात मांडली होती. पानेच सुटत नव्हती. त्या विटांसह त्याचे छायाचित्र छापून आले. बिलांशिवाय त्याचा दावा मंजूर झाला की नाही, हे मात्र छापून आले नाही.

यात आपल्या तालुका वार्ताहरांची अडचण मला दिसत नाही असे नाही. ज्या नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात त्यांना मिळवायची असते, त्याच नेत्याच्या प्लॉटिंगवर त्यांनी लिहावे, अशी अपेक्षा एकट्या वार्ताहराकडून करणे अन्यायाचे आहे. म्हणूनच हे काम संपादकीय विभागाने मुख्यालयातून अंगावर घ्यावे. माहिती अधिकारात अर्ज वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीने केला, तर टोलवाटोलवी झाल्यास तीच बातमी होते. सामान्य नागरिकाच्या अर्जाला तेवढे वजन नसते.

वडनेरे समितीच्या शिफारशी, प्रत्येकीपुढे जबाबदार खाते आणि सद्यस्थिती, असा तक्ता आपण दर वर्षी 1 जूनच्या अंकात छापावा. एखाद्या खात्याने माहिती दिली नाही, तर त्याच्या नावापुढचा रकाना कोराच ठेवून छापावा. त्यासाठी जाहिरातीची अर्धी जागा गेली तरी सांगली-कोल्हापूरचे वाचक तक्रार करणार नाहीत.

आपला,
एक वाचक, सांगली