घाटातल्या चावीवाल्या दादांना पत्र

दादा,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मला माहीत नाही आणि माझा चेहरा तुमच्या लक्षात असण्याचं कारण नाही. रेल्वेनं पुणे-मुंबई करणाऱ्या पासवाल्यांच्या गर्दीतला मी एक. कर्जत-लोणावळ्याच्या मधे, रूळ आणि रुळांना धरणाऱ्या चाव्या तपासत चालणारे तुम्ही दिसता. केशरी जाकीट, खांद्यावर हातोडा, हातात गुंडाळलेल्या झेंड्या, गाडी जाईपर्यंत डोंगराला पाठ लावून उभे. आम्ही तेव्हा कर्जतचा वडा खात असतो.

आभार नेमके कशाचे मानायचे, हीच पंचाईत आहे. शेजारी अडीअडचणीला धावून आला तर सांगता येतं. तुमच्या कामाचं दाखवायला काहीच नसतं. गाडी पोहोचली, घरी सांगण्यासारखं काही घडलं नाही. बस, त्याचेच आभार.

एकदा ठाकूरवाडीजवळ आमची गाडी सिग्नलला उभी होती आणि तुम्ही शेजारच्या रुळावर काम करत होतात. दारातून मी विचारलं, "दादा, हे ठोकून काय कळतं?" तुम्ही काही बोलला नाहीत. एका चावीवर हातोडा मारलात, आवाज खणखणीत. पुढचीवर मारलात, आवाज बोदा. मग ती दोन घावांत बसवलीत आणि पुन्हा वाजवलीत. खण्ण! "ऐकलं?" एवढंच म्हणालात आणि पुढे गेलात. मी नंतर सगळ्या डब्याला सांगत सुटलो.

ती चावी म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचं मुठीत मावेल एवढं वेटोळं. रूळ स्लीपरला, म्हणजे खालच्या आडव्या तुळईला, धरून ठेवायचं काम तिचं. एका किलोमीटरला साधारण 1660 स्लीपर, प्रत्येकाला 4 चाव्या. म्हणजे हिशेब साडेसहा हजारांच्या वर जातो. हादऱ्यानं त्या सैल होतात, निसटतात, चोरीलाही जातात. आणि रूळ काही गप्प पडून राहणारी वस्तू नाही. किलोमीटरभर रूळ मोकळा सोडला, तर 10 अंश तापमान वाढल्यावर तो साडेअकरा सेंटीमीटर लांब होईल. जोडून सलग केलेल्या रुळाला तेवढी मोकळीक कुठली? ताण आतच कोंडतो आणि स्लीपर, खडी, चाव्या मिळून त्याला आवरतात. मे महिन्याच्या दुपारी रूळ वाकायला बघतो, थंडीत पहाटे आखडतो आणि एखादा कच्चा वेल्ड तडकतो. पुरता तुटला तर सिग्नलला बऱ्याचदा कळतं, दर वेळी कळेलच असं नाही. केसाएवढ्या चिरेचा तर त्याला पत्ताही नसतो. अल्ट्रासॉनिक तपासणीची यंत्रं ठरावीक मुदतीनं फिरतात. तुम्ही मात्र रोज. जाताना नजर एका रुळावर, येताना दुसऱ्या.

त्यात हा बोरघाट. 1856 साली काम सुरू झालं, 1863 मध्ये गाडी धावली. चढ 37 फुटांना 1 फूट. मागून बँकर इंजिनांनी रेटल्याशिवाय बहुतेक गाड्या चढत नाहीत. पावसाळ्यापूर्वी कड्यावर चढून सैल दगड आधीच खाली पाडणारी तुमची हिल गँगची मंडळी आहेत, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

चीर सापडलीच तर पुढचं सगळं तुमच्या झोळीत असतं. लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेनं पळायचं, 1200 मीटरवर रुळावर 10-10 मीटरच्या अंतरानं 3 फटाके लावायचे. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर ब्रेक लावतो आणि आत आम्ही "आता काय झालं यांना" म्हणून करवादतो. गाडी थांबवलीत तर शिव्या, थांबवायची वेळच येऊ दिली नाहीत तर कुणाला खबर नाही. कौतुकाला जागाच ठेवलेली नाही हो तुमच्या नोकरीत.

आणखी एक, जरा लाजेचं. डब्यांना बायोटॉयलेट बसेपर्यंत आतलं सगळं थेट तुमच्या वाटेवर पडायचं. वाकून, रुळाजवळ तोंड नेऊन चीर शोधणाऱ्या माणसाच्या वाटेवर! त्याबद्दल प्रवाशांपैकी कुणी तुमच्याजवळ दिलगिरी व्यक्त केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. ते आता थांबलं. खिडकीतून बाटल्या आणि पिचकाऱ्या अजून येतातच. आमच्या डब्यात कुणाचा हात बाटलीसकट बाहेर गेला की मी ओरडतो. मंडळी मला खडूस म्हणतात, म्हणोत.

पावसाळा तोंडावर आला आहे. मुसळधार पावसात, धुक्यात, गाडीचा आवाज मागून येतोय की पुढून तेही कळत नसेल. बोगद्यात असाल तर कोनाड्यात वेळेवर शिरत जा. आणि एखादी चावी बोदी वाजली, मनात शंका आली, तर खुशाल झेंडी दाखवा. आम्हाला उशीर चालेल.

आपला,
एक पासवाला