खोबऱ्याची वाटी आणि गुडघ्याची वाटी

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

आपण कामात असाल, म्हणून चार ओळींत आटोपायचं ठरवलं होतं. पण परवा विमानतळावर जे झालं ते चार ओळींत मावेना.

लेकीला सातवा लागलाय, ती बंगळुरूला. ओटी भरायला मी सांगलीहून रात्री दोनला गाडी करून निघाले. सोबत खण, खारका, हळकुंडं, सुपाऱ्या, एक नारळ आणि खोबऱ्याच्या दोन वाट्या. आदल्या दिवशी विमान कंपनीला फोन करून विचारलं होतं. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सुकं खोबरं चेक-इनमध्ये चालत नाही, हातातल्या बॅगेत घ्या." घेतलं.

तपासणीत बॅग बाजूला निघाली. "नारियल अंदर नहीं जाएगा, माताजी. चेक-इन में डालिए." परत काउंटरवर गेले, तर तिथे म्हणे खोबऱ्यात तेल असतं, पेट घेतं, सामानात नाहीच. आणि माझी मोठी बॅग तर केव्हाच पट्ट्यावरून गेलेली. खोबरं हातात नको, पोटात नको, मग साहेब, पंखावर बांधायचं का?

वाट्या त्यांनी टाकल्या नाहीत हं. मलाच टाकायला लावल्या. डब्यात आधीच कुणाच्या तरी घरचं लोणचं पडलं होतं, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलेलं, दोरीची गाठसुद्धा न सुटलेली. त्यावर माझ्या लेकीच्या ओटीचा नारळ.

मग दुसऱ्या वाट्या. माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. दारातून गेले की यंत्र बोंबलतं, त्याचा दोष नाही. डॉक्टरांचा कागद पुढे केला, कुणी घडी उलगडली नाही. पडद्याआड नेऊन साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावली. मुलगी बिचारी माझ्या लेकीच्या वयाची, तिलाच ओशाळल्यासारखं झालं. मी एका हाताने भिंत धरून उभी, आणि बाहेर ट्रेमध्ये माझी पर्स, मोबाइल, मंगळसूत्र बेवारस.

सुरक्षा नको असं कोण म्हणतंय? डिसेंबर १९९९ मध्ये आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं तेव्हा आम्ही आठवडाभर टीव्हीसमोरून हललो नव्हतो. पण नियम आहे तर तो एकच असावा ना? माझी पाण्याची बाटली बिनबोभाट आत गेली, पुढच्या बाईचं तूप अडलं. शबरीमलाच्या भाविकांना तुमच्याच खात्याने २०२४ मध्ये इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ विमानात न्यायची मुभा दिली. आनंद आहे. म्हणजे नारळ तपासता येतो, हे सिद्ध झालं. मग तोच नारळ ओटीत आला की बाँब होतो?

तिकिटात सुरक्षेचे म्हणून दोनशे रुपये घेता. नोव्हेंबर २०२४ मध्ये देशात एका दिवसात पाच लाखांवर प्रवासी उडाले, तेव्हा पेपरात केवढं कौतुक! तान्ही पोरं, इकडचे तिकडचे वजा करा, तरी त्या एका दिवसाचे दहा कोटींच्या आसपास होतात. दहा कोटींत एक मराठी पाटी येत नाही? लॅपटॉप बॅगेतच राहील अशी यंत्रं येणार, हे तर जावई २०२२ पासून सांगतोय. परवाही माझ्या मागचा मुलगा तीन ट्रे मांडून बसला होता.

हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसला पाहिजे, असं २०१७ मध्ये शिमल्याहून पंतप्रधानांनी सांगितलं. मी चपलाच घालून गेले होते, त्याही काढायला लावल्या. रेल्वेने जा म्हणाल, तर आम्हा म्हाताऱ्यांची सवलत मार्च २०२० मध्ये कोरोना म्हणून काढली ती काढलीच. कोरोना गेला, सवलत काही आली नाही. एसटीत आम्हाला अर्धं तिकीट आहे, खोबरंही कुणी विचारत नाही. पण एसटीने बंगळुरू गाठेपर्यंत माझ्या नव्या वाट्याही झिजतील.

ओटी भरली. खोबरं जावयाने मोबाइलवरून मागवलं, बारा मिनिटांत दारात.

येत्या चौदा तारखेला परत निघतेय. विहीणबाईंनी किलोभर म्हैसूरपाक बांधून दिलाय, तूप नुसतं निथळतंय. तो हातात घेऊ की सामानात टाकू, ते लेखी कळवा. फोनवर नको.

आपली,
सांगलीची एक ज्येष्ठ नागरिक
(सध्या मुक्काम बंगळुरू)