रात्रपाळीतील एकटा तंत्रज्ञ : माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. सोलापुरातील एका मोठ्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात मी ज्येष्ठ तंत्रज्ञ आहे. नोकरीची २२ वर्षे ‘श्वास घ्या, रोखून धरा’ हे मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषांत सांगण्यात गेली. कारण अक्कलकोटच्या पलीकडून येणारा शेतकरी कानडी बोलतो आणि पूर्व भागातून छातीचा एक्स-रे काढायला येणारी विडी कामगार मावशी तेलुगू. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे गाऱ्हाणे एका संस्थेविरुद्ध नाही.

आमच्याकडे रात्री आठ ते सकाळी आठ एकच तंत्रज्ञ असतो. कॅज्युअल्टीतील एक्स-रे, सीटी स्कॅन आणि आयसीयूत न्यायचे पोर्टेबल यंत्र ही तिन्ही कामे त्याच्याच अंगावर असतात. पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या अपघातातील डोक्याला मार लागलेला रुग्ण सीटीच्या टेबलावर असतानाच आयसीयूतून फोन येतो, आणि त्या क्षणी कोणाला थांबवायचे हे डॉक्टर नव्हे, तर तंत्रज्ञ ठरवतो. हे त्याचे काम नाही.

गेल्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास मांडीचे हाड मोडलेला एक तरुण आला. पाय धरायला कोणी नव्हते, म्हणून त्याच्या थोरल्या भावाला धरायला सांगितले. खोलीत धड असलेला लेड एप्रन (किरण अडवणारा शिशाचा अंगरखा) एकच, तोही माझ्या अंगावर; तो उतरवून मी भावाला घातला आणि स्वतः आडोशामागे गेलो. रुग्ण कळ लागून हलला, प्रतिमा पुसट आली आणि तोच एक्सपोजर पुन्हा द्यावा लागला. सोबत दुसरा तंत्रज्ञ असता, तर पायाखाली वाळूच्या पिशव्या आणि स्पंजचे ठोकळे नीट लावायला हात मिळाले असते आणि भावाला धरावेच लागले नसते.

एका एक्स-रेने घाबरण्याचे कारण नाही, हे मी रुग्णांना रोज सांगतो आणि ते खरेच आहे. परंतु नातेवाईक एकदाच येतो. त्याच्या जागी रोज रात्री बोलावला जाणारा कक्षसेवक आणि शिकाऊ मुलगा मात्र तेच असतात. माझ्या छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला, असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो, आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) ही माझी मर्यादा त्यावरून पाहिली जाते. सर्वसामान्य नागरिकासाठी हीच मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. त्या मुलाच्या छातीवर बॅजच नसतो, त्यामुळे त्याच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला याची नोंद कुठेही राहत नाही.

एप्रनची गोष्ट तर साधी आहे. घडी करून खुर्चीवर टाकला की आतला शिशाचा थर चिरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एका रविवारी आमचे पाचही एप्रन टेबलावर पसरून मी त्यांचेच एक्स-रे काढले. त्यांतील दोन एप्रनमध्ये काखेखाली बोटभर लांबीची काळी रेघ उमटली. असे एप्रन घालून माणसे निर्धास्तपणे उभी राहत होती, याचे मला आजही वाईट वाटते.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणून आमच्या कामाला ओळख दिली, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. ती ओळख रात्रपाळीच्या हजेरीपत्रकातही दिसावी, एवढीच अपेक्षा आहे. रात्री किमान दोन तंत्रज्ञ असावेत. त्यांतील एक कंत्राटी असला तरी चालेल, मात्र त्याला पहिल्या दिवसापासून बॅज मिळावा. किरणांच्या खोलीत नेमाने काम करणाऱ्या कक्षसेवकांनाही तो मिळावा. एप्रन अडकवायला हँगर द्यावेत आणि वर्षातून एकदा त्यांची तपासणी करून नोंद ठेवावी. यांपैकी खर्चाची बाब पदांचीच आहे. बाकीचे एका परिपत्रकाने होईल.

आषाढी वारीच्या दिवसांत जिल्ह्यात गर्दी वाढते आणि आमच्यातील काही जण पंढरपूरच्या आरोग्यसेवेसाठी जातात, तेव्हा मागे उरलेल्याला सलग रात्री कराव्या लागतात. म्हणून याबाबतचा आदेश येत्या आषाढीपूर्वी निघावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ क्ष-किरण तंत्रज्ञ
सोलापूर