माकडाचा एक जीन अन् आपण

संपादक साहेब, स. न. वि. वि.

एचआयव्हीच्या बातम्यांत औषधं अन् आकडेच असतात, जीन्सची म्हणजे जनुकांची गोष्ट कुणी सांगतच नाही म्हणून लिहितेय. ऱ्हीसस माकडाच्या पेशीत ट्रिम-५ अल्फा नावाचं प्रोटीन एचआयव्ही-१ (एचआयव्हीचा मुख्य प्रकार) आत शिरल्या शिरल्या त्याच्या कवचाला धरतं अन् तिथंच अडवतं, हे २००४ मध्ये सापडलं. आपल्यातही तेच प्रोटीन आहे पण त्याला हा व्हायरस नीट पकडताच येत नाही! लॅबमध्ये त्याच्या साखळीतल्या ३३२ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल (प्रोटीनच्या साखळीतली एक कडी) बदललं की मात्र पकडतं, एवढासा फरक अन् केवढा महागात पडला आपल्याला. लाखो वर्षं वेगवेगळ्या व्हायरसशी झुंजताना प्रत्येक प्रायमेटमध्ये (माकडं, वानरं अन् माणूस यांच्या गटात) हे प्रोटीन बनवणारा जीन वेगळा घडत गेला. रविवारच्या पुरवणीत पोरांसाठी यावर अर्धं पान तरी द्या ना.

आपली एक वाचक